आधी संध्याकाळ ठरवा, मग घर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंही पन्नाशी ओलांडलेले, 28 वर्षं कोथरूडमध्ये काढलेली, मुलगी परदेशात, नोकरी वर्ष-दीड वर्षात संपणार. वहिनींचं आजोळ कोल्हापूरचं म्हणून ओढ इकडची. पैशाचं गणित बसतंय, दवाखान्यांची चौकशी करून झालीय. पण तुम्ही विचारलंय, "मिसळ आणि तांबडा-पांढरा यापलीकडे तिथं आहे काय? त्यात आम्ही शाकाहारी. दिवसभर आम्ही करायचं काय?"

मी 24 वर्षं कोल्हापुरात घरं दाखवतोय. या काळात पुण्या-मुंबईहून परत आलेली बरीच कुटुंबं पाहिली. त्यातली काही रमली, काही दोन वर्षांत फ्लॅट विकून परत गेली. परत गेलेल्यांतलं कुणी महागाई किंवा दवाखाना हे कारण सांगितल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचं एकच, "करमत नाही." आणि गंमत म्हणजे त्यांची घरं रमलेल्यांपेक्षा मोठी होती. तीन बेडरूम, क्लब हाऊस, स्विमिंग पूल, पण गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब. संध्याकाळी खाली उतरून चालत जावं असं ठिकाण एकही नाही.

म्हणून मी आता गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. संध्याकाळी सहा वाजता तुम्हाला कुठं असायला आवडेल, ते विचारतो. इथली करमणूक बहुतेक करून तिकिटाची नाही. कुणाच्या तरी ओळखीनं, रोजच्या हजेरीनं तुम्ही तिच्यात शिरता. तीन महिने एकाच कट्ट्यावर दिसलात की चौथ्या महिन्यात लोकच विचारतात, "काय, काल आला नाहीसा?" तिथून पुढं करमतं.

सुरुवात रंकाळ्यापासून करू. पाहुणे चौपाटीवर भेळ खाऊन परत जातात. राहणाऱ्याचा रंकाळा पहाटेचा. काठानं फेऱ्या मारणारे, हास्यक्लबवाले, दुर्बीण घेऊन पाणपक्षी मोजणारे, शालिनी पॅलेसच्या बाजूला शांत बसणारे, असे चार-पाच वेगवेगळे रंकाळे एकाच वेळी चालू असतात. पाणी उतरलं की संध्यामठ पूर्ण दिसतो, पावसाळ्यात बुडतो, आणि तो किती बुडालाय यावर रोज चर्चा होते. ज्यांना गर्दी नको ते कळंबा तलावाकडं जातात. मी स्वतः शिवाजी विद्यापीठाचं आवार निवडलं. 850 एकरांहून मोठं आवार, झाडी, मोर, आणि सकाळी भेटणारी मंडळी बोलायला चांगली. निवृत्त प्राध्यापक एकदा सुरू झाले की फेरी लांबते, एवढीच तक्रार.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्टा भरतो. म्हशी घेऊन गवळी येतात, समोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात. गावाबाहेरच्या माणसाला हा देखावा वाटतो, इथल्यांना तो चहाच्या जागी आहे. तुमच्या पोटाला कच्च्या दुधाची सवय नसेल तर पहिल्या दिवशी पूर्ण पेला रिचवू नका. उभं राहून गप्पा मारल्या तरी चालतं, कुणी हाकलत नाही.

आता फुटबॉल. पुण्याहून येणाऱ्यांना हे सांगितलं की ते हसतात. कोल्हापूर म्हणजे कुस्ती एवढंच त्यांना माहीत असतं. पण या गावाच्या पेठांचा खरा श्वास फुटबॉल आहे, आणि संघांची नावंच ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही पोसला, म्हणून संघाच्या नावात तालीम आली. हिवाळ्यात लीग सुरू होते, मग बाद फेरीच्या स्पर्धा लागतात, आणि उन्हाळा संपेपर्यंत शाहू स्टेडियमवर सामने चालतात. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक स्टेडियमवर गेलेला असतो. सत्तरीचे आजोबा नातवाला मांडीवर घेऊन पंचाला शिव्या घालत असतात (नातू त्या शिकतो, हे खरं). 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. चार वर्षांनी येणाऱ्या विश्वचषकाला तर पेठांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे आणि मोठमोठे कटआउट लागतात, दोन गल्ल्या एकमेकींशी महिनाभर बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आमचा फुटबॉलशी काय संबंध? माझाही नव्हता. पण या गावात चार माणसांत बसायचं तर तुमचा एक संघ असावा लागतो. ज्या पेठेत घर घ्याल तो तुमचा संघ, निवड करायची सोय नाही. मोठ्या सामन्याला कधी कधी गॅलरीत हुल्लड होते. अशा दिवशी घरी बसा, साध्या लीगच्या सामन्याला जा. खेळही निवांत बघता येतो आणि शेजारचा माणूस तुम्हाला सगळा इतिहास फुकट सांगतो.

कुस्तीचं खासबाग मैदान बघायलाच हवं. शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले होते. रोममधलं जुनं प्रेक्षागार पाहून आल्यावर त्यांच्या डोक्यात हे मैदान आलं, आणि 1912 साली ते पुरं झालं. मधला आखाडा खोलगट, भोवती चढत जाणारी मातीची बैठक, त्यामुळं शेवटच्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठं अडकला ते दिसतं. मोठ्या कुस्त्या काही रोज नसतात. पण तालमी रोज चालू असतात. गंगावेशीतल्या किंवा मोतीबागेच्या तालमीत पहाटे परवानगी घेऊन, चपला बाहेर काढून, कोपऱ्यात गप्प बसलात तर अर्ध्या तासात कळेल की हा खेळ टीव्हीवर का दिसत नाही. लाल मातीत ताक, तेल, हळद मुरलेली असते. तो वास आठवडाभर नाकात राहतो.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री मी तिथं उभा होतो. रस्त्यावर माणसं रडत होती, त्यात आयुष्यात कधी नाटक न पाहिलेलेही होते. तुम्ही नाटकवाले आहात म्हणून स्पष्ट सांगतो: पुण्यात दर शनिवार-रविवारी चार नाटकांतून एक निवडायची सवय असेल तर इथं ती मोडावी लागेल. दौऱ्यावर येणारी नाटकं कमी आणि आली तर तारीख आधीपासून डायरीत लिहून ठेवायची. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी मात्र सोडू नका, हौशी मंडळींचं काम बघायला तीच जागा.

गाण्याच्या बाबतीत तुम्हाला कमी पडणार नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारी इथंच राहिले, केशवरावांचं संगीत रंगभूमीवरचं नाव तुम्हाला सांगायला नको, आणि गायन समाज देवल क्लब आजही मैफली करतो. प्रेक्षक थोडे, पण समोरचा माणूस कुठं चुकला ते कळणारे. करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. वहिनी वाचतात असं लिहिलंय, तर घर बघण्याआधी तिथं एक चक्कर टाका. माझ्या एका ग्राहक काकूंनी त्या वाचनालयाला चालत जाता यावं म्हणून लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचं जुनं घर घेतलं. मुलगा रागावला होता. आता त्या तिथं दर आठवड्याला सात-आठ जणींबरोबर पुस्तकांवर बोलत बसतात, आणि मुलगा सुट्टीत आला की आईला वेळ नसतो.

शाकाहारी असण्याची एवढी काळजी नको. कोल्हापूरचा अर्धा स्वयंपाक मटणाशिवायचाच आहे. कांदा-लसूण चटणी, जोंधळ्याची भाकरी, अख्खा मसूर, शेंगदाण्याची आमटी, झुणका. मिसळ तर शाकाहारीच आहे, फक्त इथं ती पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते आणि कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यायचा असतो. पुणेरी मिसळीतले पोहे-बटाटे इथं शोधू नका, वाद होतो. ऊस गाळपाला लागला की गुऱ्हाळं पेटतात. कुणाच्या तरी ओळखीनं गुऱ्हाळावर जायचं, ताजा रस, काकवी, गरम गूळ, आणि रात्री चुलवाणाच्या उजेडात गप्पा. हॉटेलात बसून हे मिळत नाही.

पण एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. इथल्या ओळखी जेवणातून होतात, आणि ते जेवण बऱ्याचदा मटणाचं असतं. मित्रांची रस्सा मंडळं असतात, वर्गणी काढून कुणाच्या तरी मळ्यात चूल मांडायची, एकानं मसाला वाटायचा, एकानं भाकऱ्यांचं बघायचं. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी गल्ल्या पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत त्र्यंबोली देवीला नेतात. पुढं पी-ढबाक वाद्यं, मागं डोक्यावर कलश घेतलेल्या मुली, आणि परत आल्यावर गल्लीचं जेवण. आसपासच्या गावांत म्हाई असते, त्या दिवशी अख्खं गाव पाहुण्यांसाठी रांधतं. आमंत्रण आलं तर "आम्ही खात नाही" म्हणून घरी बसू नका. जा. तुमच्यासाठी वेगळी आमटी केलेली असते, आणि नाही गेलात तर पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. माझे एक शाकाहारी ग्राहक दहा वर्षं एका रस्सा मंडळात आहेत. त्यांच्याकडं हिशेब आणि सोलकढी अशी दोन खाती आहेत.

सणांत दसरा चौकातलं सोनं लुटणं एकदा बघा, पण अंबाबाईचा किरणोत्सव दरवर्षी. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि मूर्तीच्या पायांपासून वर चढतं. एखाद्या वर्षी ढग येतात, एखाद्या वर्षी किरणं चरणांपर्यंतच पोचून थांबतात, मग गावभर कुठल्या इमारतीनं ऊन अडवलं याची चौकशी चालते. माझ्या धंद्यातल्या लोकांना त्या दिवसांत थोडं खाली बघून चालावं लागतं.

बाहेर पडायचं म्हटलं तर तुमच्यासारख्या मोकळ्या माणसांना हा भाग फार सोयीचा आहे, कारण शनिवार-रविवार टाळता येतो. पन्हाळा 20 किलोमीटरवर. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले त्यात हा आहे, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तीन दरवाजाजवळ गाडी लावायला जागा नसते. मंगळवारी दुपारी जा, सज्जा कोठीत बसा, पिठलं-भाकरी खा आणि संध्याकाळी घरी. पावसाळ्याच्या शेवटी मसाई पठारावर फुलं येतात. जोतिबाला चैत्र यात्रेच्या दिवशी गेलात तर गुलालात घरी याल आणि ते कपडे पुन्हा वापरता येणार नाहीत. एरवीच्या पहाटे जा, डोंगरावर धुकं असतं आणि दर्शन पाच मिनिटांत होतं.

पूर्वेकडं नृसिंहवाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम. दत्ताचं दर्शन आणि नंतर बासुंदी, कवठाची बर्फी. तिथून पुढं खिद्रापूर. कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, आणि त्याचा स्वर्गमंडप 48 खांबांवर उभा असून वर छत नाही, मधोमध आभाळाचा गोल. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो तेव्हा आता गर्दी जमते. मी साध्या दिवशी, ऊन कलल्यावर जातो. मंडपात खाली आडवं होऊन वर बघायचं. या शंकरासमोर नंदी नाही, त्याची दंतकथा तिथला कुणीही सांगेल, सगळ्यांची थोडी थोडी वेगळी.

पश्चिमेकडं गेलात की राधानगरी. 1958 पासूनचं दाजीपूरचं अभयारण्य, राज्यातलं सगळ्यात जुनं. पहाटे नशीब असेल तर गवे, नसेल तर नुसतं जंगल, तेही पुरे. मे संपता संपता, पहिल्या वळवानंतर राधानगरीच्या झाडांवर काजवे लखलखतात. गाडीचे दिवे आणि मोबाइल बंद ठेवून उभं राहायचं. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरलात की तुम्ही कोकणात. सकाळी निघून दुपारी मालवणात जेवणारे आमच्याकडं पुष्कळ. तुम्ही सोलकढी-भात खा.

आता पावसाबद्दल, कारण यातच माझी एक चूक आहे. 2018 साली एका जोडप्याला मी नदीकडच्या भागात तळमजल्याचं सुंदर घर दाखवलं. पुढं अंगण, मागं झाडी, संध्याकाळी नदीवरचा वारा. मालक म्हणाला, "इथं 2005 ला सुद्धा पायरीपर्यंतच आलं होतं." मी त्याच्या शब्दावर विसंबलो, आजूबाजूला विचारलं नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या घराच्या पंख्यापर्यंत पाणी होतं. काकांची पेटी, काकूंचे फोटोंचे अल्बम, सगळं गेलं. ते दोघं आजही माझ्याशी चांगलं बोलतात, त्याचंच जास्त वाईट वाटतं. 2021 ला पुन्हा तेच. तेव्हापासून मी नागाळा पार्कचा खालचा भाग, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर इथलं घर दाखवताना 2019 आणि 2021 ची पाण्याची खूण भिंतीवर आधी दाखवतो.

इथं राहायला लागलात की जुलै-ऑगस्टमध्ये तुमचीही भाषा बदलेल. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट? 39 ला इशारा, 43 ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले? ते सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि बातमी आली की अख्खं गाव ते पाणी शहरात पोचायला किती तास लागतील याचा हिशेब करतं. उंचावर घर असेल तर हा काळ फार सुंदर जातो, गरम भजी, पंचगंगा घाटावर पाणी बघायला जाणारी माणसं, हिरवा पन्हाळा. महामार्ग बंद पडला तर चार दिवस पुणं विसरायचं. औषधं मात्र जूनमध्येच महिनाभराची भरून ठेवा.

उणीवा आणखी आहेत. रात्री साडेदहानंतर गाव मिटतं. मॉल आहेत म्हणायला आहेत. महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोडवर सणाला गाडी नेणं म्हणजे शिक्षा. विसर्जन मिरवणुकीच्या रात्री पेठेत झोप मिळत नाही, आणि तक्रार केलीत तर वर्षभर तुम्ही "ते पुण्याचे" राहता. 2025 च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून वकिलांची जागांना मागणी वाढलीय आणि मधल्या गावातली भाडी चढली आहेत. घाई करा असं मी म्हणणार नाही, माझा धंदा असला तरी.

तुमच्या आवडी बघता मी तुम्हाला राजारामपुरी किंवा रुईकर कॉलनी सुचवेन. राजारामपुरीतून विद्यापीठ जवळ, खाण्यापिण्याची चंगळ, चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय तिथंच. रुईकर कॉलनी शांत, स्टेशन सोयीचं, पण संध्याकाळी कट्टा शोधायला बाहेर पडावं लागेल. वहिनींना आजोळची पेठ हवी असेल तर मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठ, जुनं घर, पार्किंग नाही, आवाज भरपूर, आणि करमणुकीची कसली म्हणून कमतरता नाही. आर. के. नगर, पाचगावकडं घर मोठं आणि स्वस्त मिळेल. गाडी चालवायचा कंटाळा नसेल तरच.

विकत काही घेऊ नका अजून. 11 महिन्यांचं भाडं करा आणि ते जूनमध्ये सुरू करा, ऑक्टोबरात नाही. ऑक्टोबरात कुणालाही कोल्हापूर आवडतं. दोन पावसाळी महिने ओले कपडे, बंद रस्ते आणि भजी यांत काढलेत, मग दसरा पाहिलात, लीगचे पाच-सहा सामने बघितलेत, की तुम्हाला कुठल्या गल्लीत राहायचंय ते मला विचारावं लागणार नाही. घर बघायला पहिल्यांदा येताना गाडी आणू नका. स्टेशनवर उतरून रिक्षा करा आणि रिक्षावाल्याला विचारा, "मामा, तुमची पेठ कुठली?" उतरेपर्यंत निम्मी माहिती मिळालेली असेल.